सायकसचे खवले आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा. नाक मुरडू नका. मी तोंडात होतो तेव्हाही कुणी माझं कौतुक केलं नाही, आणि ज्या कामासाठी कौतुक झालं ते तोंडाबाहेरचं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. गरम प्लास्टिक, मग गार साचा, आणि डोक्यात एका दमात खोचलेले पांढरे केस, एवढंच. निळा रंग मिळाला. 'एकावर एक फुकट' अशा पाकिटात मी फुकटातला होतो. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. फुकट आलेलाच घरात जास्त टिकतो.

घणसोली गावातल्या वामनदादांच्या वाट्याला मी आलो. दादांची आयुष्यभराची सवय बांध घालायची. दातसुद्धा ते बांध ठोकल्यासारखे घासत. पावसाळा सरायच्या आत माझे केस चारी दिशांना पांगले आणि मी निवृत्त झालो.

पण आगरी घरात ब्रश निवृत्त होतो म्हणजे त्याची नुसती बदली होते. गोजराबाईंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, मला आधी देवाच्या टाकांना लावलं. मग शेगडीच्या बर्नरला. मग कंगव्याच्या मळाला. मग केसांच्या कलपाला, तेव्हापासून माझी एक कड काळी आहे. शेवटी बाल्कनीच्या ग्रिलला अडकवलेल्या डब्यात मी उभा राहिलो. बरेच दिवस कुणाचा हात लागला नाही. धूळ बसत गेली. आता कचऱ्याची गाडी, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

त्या ग्रिलमधून खाली सोसायटीचं फाटक दिसायचं, आणि फाटकाशी सायकस. नारळाच्या चुलत भावंडासारखं दिसणारं, ठेंगणं, डेरेदार झाड. गोजराबाईंचं जुनं घर पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा त्यांनी बिल्डरला बजावलं होतं, "घर न्या, अंगन न्या, पन माजं झाड जाईल तर माज्यासंगं." नारळाएवढं होतं तेव्हा लावलेलं ते झाड. सायकस फार सावकाश वाढतो. दादा म्हणत, "आमच्या धनेशचं लगीन झालं, हिच्या झाडाला अजून मिशा नाय फुटल्या."

त्या हिवाळ्यात झाडावर पांढरं दिसायला लागलं. आधी कुणी बघितलं नाही, कारण ते पानाच्या खालच्या अंगाला होतं. मग वर आलं. कुणी चुन्याचे शिंतोडे उडवावेत तशा झावळ्या पांढऱ्या, मग पिवळ्या, मग करपलेल्या.

सोसायटीच्या सेक्रेटरी नमिताबाईंनी नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. त्यानं उत्तर दिलं, 'खवले आलेत.' बस, एवढे दोनच शब्द. नमिताबाईंनी ते तसेच ग्रुपवर टाकले. आणि मित्रांनो, आमच्या बिल्डिंगमध्ये खवले म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काय येणार? खवल्यांची सगळी मासळी आली. त्यातून गोजराबाई मच्छी धुतलेलं पाणी रोज त्या झाडाच्या बुंध्याशी ओतत, हे सगळ्यांनी पाहिलेलं.

नमिताबाई घरी आल्या. "काकू, राग मानू नका. पण मच्छीच्या पाण्यानं झाडाला खवले चिकटलेत. सगळे कंप्लेंट करतायत. तसंही मे महिन्यात फाटकाचं खोदकाम आहे, जेसीबी येणार. तेव्हाच काढून टाकू."

गोजराबाई भांडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडल्याच नाहीत. त्यांना ते खरंच वाटलं. दार लावून त्या दादांना म्हणाल्या, "माज्याच हातानं मारलं मी त्याला."

दोन दिवस घरात मच्छी आली नाही. आगरी घरात मच्छी येत नाही म्हणजे काय, ते आगऱ्यालाच कळेल. तिसऱ्या दिवशी दादा वरणाकडे बघून म्हणाले, "अगो, सुतक झाडाला का मला?"

गोजराबाई हसल्या नाहीत. पण विचारात पडल्या. जन्मभर खवले काढलेल्या बाईचं डोकं ते. ऐरोलीच्या ऑफिसातून सून घरी आली तसं त्यांनी तिला धरलं. "रुतिका, मना एक सांग. पानी मी बुंध्याशी वतते. खवला पानाच्या पाठी कसा चढला? त्याला काय पाय हायत?"

"आई, पॉइंट आहे," रुतिका म्हणाली. चप्पल न काढता ती तशीच खाली गेली, मोबाईलचा कॅमेरा पानाला टेकवून फोटो मोठा केला, आणि नर्सरीवाल्याला सरळ फोन लावला.

"अहो मॅडम, मासळीचे खवले नाय!" तो पलीकडून ओरडला. "खवले कीड! पाय असतात, लहान असताना. वाऱ्यावर उडून येते, चालते, मग एका जागी सोंड खुपसून बसते आणि अंगावर पांढरं कवच करते. बाहेरून आलेली कीड आहे ही. सायकस तर संपवूनच टाकते."

मागोमाग खाली गेलेल्या गोजराबाईंनी एका पांढऱ्या ठिपक्याखाली नख घातलं. कवच उचकटलं. आत नारिंगी, ओलसर काहीतरी होतं. नख त्यांनी उजेडाला धरलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी नाय मारलं."

आणि त्याच पावली वर येऊन त्यांनी ग्रिलच्या डब्यात हात घातला.

मित्रांनो, माझ्या आयुष्याला खरी सुरुवात इथे झाली.

नर्सरीवाल्यानं सांगितलं तसं आधी फार खराब झावळ्या कापल्या. त्या खताच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत दिल्या, नाहीतर कीड पुन्हा चालत घरी यायची. उरलेल्या झावळ्यांना साबणाचं पातळ पाणी आणि मी.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. गोजराबाईंचा हात रावस-जिताड्यावर बसलेला. मासळीचे खवले नेहमी शेपटीकडून डोक्याकडे काढायचे, उलट्या अंगानं, तरच ते सुटतात. त्यांनी झावळीचं टोक धरलं आणि मला खसाखसा बुंध्याकडे ओढलं. सायकसची पाती टोकाकडे झुकलेली असतात. ती कडाकडा मोडली. चांगली, हिरवी पाती.

"अगो, खवले काढतेस का कालवनाला तुकडे करतेस?" बाकड्यावरून दादा म्हणाले.

"तुमी गप बसा. हाताला सवय नाय."

मग हात उलटा शिकला. पात्याखाली तळवा धरायचा, बुंध्याकडून टोकाकडे जायचं, दाब अगदी बेतानं. मी गॅसचे बर्नर घासले, देव घासले, दादांचे दात घासले, पण एवढ्या हळुवार हातात मी कधीच नव्हतो. बाळाचं डोकं धुवावं तशी ती बाई एकेक पातं धूत होती. उन्हं कलली की नर्सरीतून आणलेलं तेल पाण्यात मिसळून पानांच्या पाठीवर फवारायचं. भर उन्हात नाही, पानं भाजतात. आणि एकदा करून भागत नाही. पिल्लं निघत राहतात, म्हणून पुन्हा, परत पुन्हा. माझे केस निम्मे गळले. त्यांचं बोट कापलं. पण खाडा केला नाही.

एकदा रुतिकानं शेजारच्या सोसायटीकडे बोट दाखवलं. तिथल्या सायकसांवरही पांढरं होतं. "आई, वारा तिकडूनच येतो." गोजराबाई मला हातात घेऊनच तिकडे गेल्या. वॉचमनला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फाटकाशी खवले हायत."

तो त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "मावशी, मच्छी इथं विकायची नाय."

असा त्याचा समज! पण त्या बाईनं त्यालाही नख लावून आतला नारिंगी ठिपका दाखवला, तेव्हा तो दचकून मागे सरला. पुढच्या आठवड्यात त्या झाडांवरही फवारणी सुरू झाली.

चैत्र लागला. गावच्या जत्रेचे मांडव उभे राहिले, आणि सोसायटीची कमिटी झाड बघायला आली. मी साबणाच्या पाण्यात बुडालेलो होतो, पण ऐकू येत होतं.

"काकू, अजून पांढरंच आहे की," नमिताबाई म्हणाल्या.

"मेलेलं हाय तं."

"मेलंय तर पडत का नाही?"

"मेलेलं लगीच पडतं का? चिकटून रातं. नख लावून बग."

नमिताबाईंनी तोंड वाकडं करत नख लावलं. कोरडा भुगा पडला. ओल नव्हती. त्यांनी दुसरीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. सगळीकडे भुगा. पण बाकीच्यांचं समाधान होईना. झाड तसं भुंडं दिसत होतं, खोटं कशाला बोला. चार झावळ्या आणि मध्ये तपकिरी गड्डा. "जिवंत आहे कशावरून? नवं पान दाखवा," ते म्हणाले. जेसीबीवाल्याला सांगून झालं होतं.

जत्रेचा पाहुणचार गोजराबाईंनी असा उरकला, की लक्ष सगळं फाटकाकडे.

सायकसला पानं एकेक फुटत नाहीत, सगळी एकदम येतात. आली तर. नाही आली तर झाड गेलं.

जेसीबी यायच्या आदल्या सकाळी खालून नमिताबाईंची हाक आली. ऑफिसला निघालेल्या, खांद्याला पर्स, आणि आवाज असा की अख्खी बिल्डिंग खिडकीत. "काकू! खाली या! आधी खाली या!"

गड्डा फुटला होता. मधून मऊ लव असलेले कोंब वर आले होते. एक नाही, पुरा झुबका, आणि त्यांची पाती अजून गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली. नमिताबाईंनी त्याच जागेवरून कंत्राटदाराला फोन लावला. "झाडाच्या बाजूनं खोदा. नाही, हलवायचं नाही. मी सांगते ना!"

गोजराबाई धावत आल्या त्या मला मुठीत घेऊन. सवयच ती. पण झाडाशी बसल्यावर त्यांनी मला बाजूला जमिनीवर ठेवलं. "तुजं काम नाय आज," असं त्या मला म्हणाल्या. ब्रशाशी बोलणारी बाई आहे ती. "कोवलं हाय." मग ओल्या बोटाच्या टोकानं त्यांनी एक कोंब जरासा उलटा केला आणि त्याची पाठ बघितली. स्वच्छ होती. दुसऱ्याची बघितली. तिसऱ्याची बघताना त्यांचे डोळे भरले, म्हणून ती दादांनी वाकून बघितली आणि ते म्हणाले, "काय नाय गो. साफ हाय."

मी जमिनीवर पडल्या पडल्या ते पाहत होतो. ज्या दिवशी माझी गरज पडली नाही, तोच माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस.

मित्रांनो, तुमच्याही फाटकाशी, बाल्कनीत एखादं झाड असेल. त्याची तोंडदेखली चौकशी करू नका. अधूनमधून पान उलटून बघा, कारण दुखणं आधी पाठीला लागतं. आणि काही पांढरं दिसलं, तर कुणाला दोष देण्याआधी नख लावून बघा.