शेड थंड होती तेव्हा

“अवं, उठा की. पोरीकडं बगा तरी,” सरजाबाईनं सीतारामला हलवलं.

तो दचकून उठला. पोरीला धाप लागली असणार, म्हणून त्याचा हात आधी गोळ्यांच्या डबीकडे गेला. पण सत्यशीला दारात दोरीवरून उड्या मारत होती. एकोणीस, वीस, एकवीस. सात वर्षांची ही पोर एरवी नळापासून घरापर्यंत चालत आली तरी उंबऱ्यावर बसून श्वास गोळा करायची.

चौऱ्याहत्तरचा मे महिना होता. रेल्वेचा संप लागून दहा दिवस झाले होते आणि पूर्णेच्या इंजिनशेडमध्ये सगळं थंड पडलं होतं. सीताराम त्याच शेडमध्ये इंजिनं पेटवायचा. आधी लाकडं आणि तेलकट चिंध्या, मग कोळसा. आग धरेपर्यंत काळा धूर निघे आणि शेडला लागून असलेल्या चाळीवर उतरे. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. आता नोकरी राहते की जाते, या धास्तीनं सगळी चाळ गप्प होती. सीतारामच्या घरात मात्र पोर पोटभर जेवत होती, आडवी होऊन झोपत होती.

“उन्हाळ्यानं बरी असंल,” तो म्हणाला.

“मागल्या उन्हाळ्यात मग दवाखान्यात कोण होतं?”

त्यानं गोळ्यांची डबी परत जागेवर ठेवली.

संप मिटला. सगळे कामावर गेले. सीतारामनं पहिलं इंजिन पेटवलं, मग आणखी दोन. दुपारी घरी आला तर सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती. खांदे वर चढलेले, छातीत शिट्टी वाजत होती. तिला खांद्यावर घेऊन तो दवाखान्यात पळाला. इंजेक्शननंतर तिचा श्वास मोकळा झाला, तेव्हा त्यानं डॉक्टरांना संपात धूर बंद होता तेव्हा पोर बरी होती, हे भीतभीत सांगितलं.

“बरोबर ओळखलंत,” डॉक्टर म्हणाले. “बाळदमा आहे. धुरानं श्वासनळ्या आवळतात. औषध देतो, पण हवा बदलता आली तर बघा.”

“म्हंजी मीच पेटवायचं, आन् लेकरानं...” सीतारामनं आपल्या काजळलेल्या हातांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो फोरमनसमोर उभा राहिला. गेटमनची जागा मागायला.

“येडा झालास काय?” फोरमन म्हणाले. “फायरमनच्या बढतीच्या यादीत दुसरं नाव तुझं हाय. इंजिनावर चढायचं सोडून रानातल्या फाटकावर जातोस? तिथं लाइटसुद्धा न्हाई.”

“हवा हाय न्हवं, साहेब.”

फोरमननी अर्ज पुढं ओढला. “नीट इचार कर. हे नाव खोडलं की पुन्हा लागायचं न्हाई.”

“खोडा, साहेब.”

दिवाळीच्या आधी गंगाखेडच्या अलीकडच्या एका फाटकावर तिघं राहायला आली. दिवसाला चारच गाड्या. त्यांचा धूर रानावर जाई आणि विरून जाई. ज्वारीच्या मळणीत भुसा उडाला, तेव्हा पोरीला एकदा धाप लागली. सरजाबाईनं गोळी दिली, दार लावून घेतलं आणि तासाभरात पोर जेवायला बसली. सत्यशीला आता कोसभरावरच्या शाळेत पायी जाऊ लागली.

फाल्गुनात एका दुपारी मालगाडी आली. इंजिनावर फायरमन म्हणून बन्सीधर होता. सीतारामच्या हाताखाली पेटवायला शिकलेला.

“जयभीम, सीतारामभाऊ!” फावडं उंचावून तो ओरडला. “पोरगी कशीय?”

सीतारामनं हिरवं निशाण धरलेलाच हात हलवला. “बरी हाय! लय बरी हाय!” डबे धडधडत निघून गेले. बन्सीधरच्या गळ्यातला लाल रुमाल दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं फाटक उघडलं.

तेवढ्यात पाणंदीकडून हाक आली. “बाबाऽऽऽ!”

त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं. दोन शेतं ओलांडून पलीकडं, बांधावर, दप्तर घेतलेली एवढीशी पोर उभी होती. तिचा आवाज इतका लांब पोचतो, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं लगेच ओ दिली नाही. तिनं आणखी एकदा हाक मारावी म्हणून तो थांबला.