ग्रहणाच्या आधीच थांबलेला डोळा

मी एक जुना डोळा आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. पण मित्रांनो, माझी वाढ आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच खुंटली, तेव्हा मला म्हाताराच समजा. आकाराने मी तुरीच्या दाण्याएवढा. माझा जोडीदारही तसाच. आम्हां दोघांना काहीच दिसत नाही. ही हकिगत शेजारच्या कानांनी ऐकलेली आहे.

माझ्या आईचे नाव देवका. अमडापूरजवळच्या एका खेड्यात ती आपल्या सख्ख्या आत्याच्या, रुक्मिणीबाईच्या घरी सून म्हणून आली. मामाची पोरगी भाच्याला दिली, घरातले सोने घरात राहिले, म्हणून सारे खूश होते. पण सोन्यासोबत आणखी एक गोष्ट घरात राहिली. रुक्मिणीबाई आणि तिचा भाऊ, दोघांच्या रक्तातल्या आनुवंशिक पोथीत एक अक्षर चुकीचे होते. तिच्याकडून ते माझ्या बापाकडे, शेषरावकडे आले आणि भावाकडून देवकाकडे. एकेकट्याला त्याचा त्रास नव्हता. माझ्या वाट्याला मात्र दोन्हीकडचे आले.

डोळा घडतो तेव्हा पेशी भराभर दुप्पट होतात. एकीच्या दोन होण्याआधी प्रत्येक पेशीला आपली सगळी पोथी उतरवून काढावी लागते. घाईत हात अडखळतोच. तेव्हा पेशीतला राखणदार म्हणतो, थांब, चूक दुरुस्त कर, मग पुढे जा. त्या चुकीच्या अक्षरामुळे माझा राखणदार जन्मापासून लुळा. पोथ्या अर्धवट राहिल्या, पाने फाटली. बिघडलेल्या पेशीने जीव द्यायचा, असा शरीराचा कायदा आहे, आणि माझ्या पेशींनी तो निमूटपणे पाळला. उरलेल्या मूठभर पेशींचा मी झालो.

आईला पाचवा महिना होता तेव्हा आषाढ अमावस्येला सकाळीच सूर्यग्रहण आले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. कपाशीत जिथे उगवले नव्हते तिथे बीटीचे बी पुन्हा टोबायचे होते. रुक्मिणीबाईने आईला वावरात नेले आणि बियाण्याचे पाकीट आणि ते कापायला विळा तिच्या हातात दिला.

"गिरान सुटलं नाई अजून, आत्याबाई. विळा कसा लावू?" आई म्हणाली.

"वल उडून गेली तं तुहा बाप येईन काय टोबाले? काप मुकाट्यानं."

आईने पाकिटाचा कोपरा कापला. तिचा गुन्हा काय तो एवढाच.

मुलगी जन्मली. तिच्या पापण्या उघडून पाहिल्या तर आत मी जवळजवळ नव्हतोच. "गिरानात विळा चालवला हिनं," असे रुक्मिणीबाईने दारोदार सांगितले. पाकीट कोणी दिले, तेवढे सांगायचे ती विसरली. गावाने मुलीला गिरानी म्हणायला सुरुवात केली. शेषराव खाली मान घालून बसे. मला त्याची फार चीड येते.

पुढे मोठ्या दवाखान्यात सगळ्यांचे रक्त तपासले. रुक्मिणीबाईने तिथेही ग्रहणाचे गाऱ्हाणे सांगितले. डॉक्टरबाईंनी विचारले, "ग्रहण कितव्या महिन्यात लागलं?"

"पाचव्या," आई म्हणाली.

"डोळा तर दुसऱ्यातच बिघडला होता. हे दोन्हीकडच्या रक्तातून आलं आहे. या नात्यात पुन्हा सोयरीक करू नका."

रुक्मिणीबाईने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मग पुन्हा मोजले. मला वाटले, आता तरी ही आईच्या पाठीवर हात ठेवील. पण ती उठून उभी राहिली.

"आमच्या रक्ताले नावं ठेवते हे बाई," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आईची आणि मुलीची माहेरी रवानगी झाली. शेषरावसाठी दुसरी मुलगी ठरली, ती देवकाची धाकटी बहीण. आईने आपल्या बापाचे पाय धरले.

"बाबा, तिचं रक्त तं तपासून पाहा."

"तुह्या एकीपायी माह्या बहिणीचं, रुक्मिणीचं घर तोडू काय मी?" तो म्हणाला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोणाला दोष देण्याआधी महिने मोजा, आणि मोजून झाल्यावर जे निघेल ते तोंडाने कबूल करा.

धाकटीला आता दुसरा महिना लागला आहे. रुक्मिणीबाई तिला फुलासारखी जपते. पुढचे ग्रहण तिने कालनिर्णयात शोधून ठेवले आहे आणि घरातले विळे, कात्र्या, सुया आतापासूनच पेटीत घालून कुलूप लावले आहे.