उजव्या दाराचा रंग

जुन्या गाड्यांच्या बाजारात ताईचा शब्द चालायचा. पत्रा ठोकून आणि रंग मारून तीस वर्षांत तिनं तो कमावला होता, आणि त्याचा गर्व ती लपवत नसे. मालक म्हणाला की रंग मूळचा आहे, तर गिऱ्हाईक नुसतं हसायचं. ताई म्हणाली, तर बोलणी पुढं सरकायची.

आज विकायची होती ती घरचीच गाडी. दोन सीटची, लांब नाकाची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. बाबा रंगारी होते. एका शर्यतवाल्यानं त्यांच्या कामाच्या बदल्यात ती दोन वर्षं वापरून देऊन टाकली होती. बाबांच्या मागं ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात चादर पांघरून पडून होती.

घ्यायला आले होते ते एक निवृत्त पायलट. सकाळपासून गाडीभोवती फिरून त्यांचं समाधान होत नव्हतं.

"अशा गाडीचा भाव वेगावर ठरत नाही, साहेब," ताई म्हणाली. "वेग आता कुठल्याही डब्याला असतो. किती बनल्या, किती उरल्या, इंजिनवरचा नंबर कागदाशी जुळतो का, आणि मधल्या काळात किती शहाण्यांनी हात लावला, यावर भाव. हिला कुणीच हात लावलेला नाही. कारखान्यातला रंग आहे, मी लिहून दिलंय."

"आणि हा पोचा?" पायलटनी डाव्या मडगार्डकडं बोट दाखवलं.

"तो माझा. अठराव्या वर्षी गाडी मागं घेताना फाटकाला लावली. बाबांनी मुद्दाम ठेवला."

ठेवला तो ठेवला, वर जगजाहीर केला. वरच्या मजल्यावर राहणारी आई आजही आल्यागेल्याला तो किस्सा ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, हिच्या हातात किल्ली देऊ नका. धाकटा भाऊ त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

आज मात्र तो शेजारी उभा राहून ताईची नजर चुकवत होता. हवा गरम नसताना घाम पुसत होता.

पायलटनी बॅगेतून मोबाइलएवढं यंत्र काढलं. रंगाचा थर किती जाड आहे ते सांगणारं. ताईकडंही तसलंच होतं, पण घरच्या गाडीला ते लावायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बॉनेटवर आकडा आला एकशे दहा. पोचा पडलेल्या मडगार्डवर एकशे पाच. उजव्या दारावर दोनशे ऐंशी.

पायलटनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"दुसऱ्यांदा रंगवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही तर लिहून दिलंत."

ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली असती, आणि तीस वर्षांचा शब्द एका दारापायी मातीत गेला असता. ताई खाली वाकली, दारावर तिरपा उजेड पाडला, बोट फिरवलं. कुठं कड नाही, कुठं लाट नाही. उन्हानं रंग जितका उडायला हवा, तितकाच उडवलेला. असं काम करणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्याच्याच हाताखाली ती शिकली होती.

तिनं भावाकडं पाहिलं.

"तू कॉलेजसाठी बाहेरगावी होतीस तेव्हा," तो म्हणाला. "मी खांबाला घासली. बाबांनी पंधरा दिवसांत केलं. म्हणाले, ताईला कळता कामा नये."

तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. लेकीचा पोचा बाबांनी जन्मभर मांडून ठेवला आणि लेकाचं दार झाकून टाकलं. आणि काम इतकं देखणं केलं होतं, की मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिल्याशिवाय तिला राहवेना. याचाही तिला राग आला.

मग ती उठली आणि तिनं हात पुसले.

"साहेब, चूक माझी. न मोजता लिहून दिलं. दुसरा कागद आत्ता लिहून देते, त्यात दार रंगवलेलं आहे असं असेल, आणि कुणी रंगवलं तेही. दारापुरता भाव उतरेल. पण मडगार्डचा एक पैसा उतरणार नाही. पोचा असेल, रंग कारखान्याचा आहे."

पायलटनी मडगार्डवरून हात फिरवला. "ते मला मान्य आहे," ते म्हणाले. "लिहा."

भावानं सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्ची ओढली.

"तू बसू नकोस," ताई म्हणाली. "वर जा. आईला सांग."

"आत्ता? अगं, तिला धड ऐकूसुद्धा येत नाही."

"मग मोठ्यानं सांग," ताई पेनाचं टोपण काढत म्हणाली. "खाली आम्हालाही ऐकू येऊ दे."