चौदा इंची

दुकानदाराने तीन प्रश्न विचारले. लाकूड किती जाड असतं? वर्षाला किती लागतं? आणि चालवणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरी दिली.

आमच्या घरातली ऊब म्हणजे एक लोखंडी शेगडी. तिचं धुराडं छतातून वर जातं आणि थंडीचे पाच महिने ती विझू द्यायची नाही, असा घरचा नियम. तिच्यासाठी ओंडके कापायचे बाबा. त्यांची जुनी चेनसॉ ऐन थंडीच्या तोंडावर जाम झाली आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तोवर बाबांनाही अंगणाच्या चार पायऱ्या उतरायला मध्ये एकदा थांबावं लागत होतं. फुप्फुसांचं दुखणं होतं. डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, "दोन महिने. फार तर तीन." मी घरी कुणाला बोलले नाही. बाबांना कुणी सांगायची गरजच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मला दुकानात पाठवताना त्यांनी चिठ्ठी दिली. बाबा सुतार होते, तोंडी माप त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. जाड सुतारी पेन्सिलीने लिहिलं होतं : पातं चौदा इंची. मोठी आणू नकोस.

"चौदा?" दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तुमच्या बाबांना मी वीस वर्षं ओळखतो. अठराच्या खालची करवत ते हातात घेत नाहीत. मागे एकदा सोळा दाखवली, तर म्हणाले, हिने काय पेन्सिलीला टोक करायचं?"

मी हसले, आणि हसता हसताच मला कळलं.

"ओंडके दहा इंचांपर्यंतचे असतील तर चौदा भरपूर झाली," तो सांगत होता. "जाडीपेक्षा दोनेक इंच जास्त असलं की काम होतं. वजनाला हलकी. नवीन हाताला तर हीच बरी. म्हणून विचारतो, चालवणार कोण?"

बाबा आधी माणसाचं माप घ्यायचे, मग लाकडाचं. आमचा स्वयंपाकाचा ओटा चार बोटं बुटका आहे, कारण आई बुटकी आहे. भांडी घासायची पाळी आली की बाबा कंबरेत वाकायचे आणि "हा ओटा कुठल्या गाढवाने केला?" म्हणून आईलाच विचारायचे. माझं लिहायचं टेबल करताना त्यांनी मला अर्धा तास खुर्चीत बसवून कोपरांची उंची घेतली होती. गल्लीत त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत, तेही तोंडावर. आता खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी माझे हात मोजले होते.

"बाबाच चालवणार," मी म्हटलं. "अठरा द्या."

"चिठ्ठीत तर—"

"चुकून लिहिलंय."

बाबांच्या हातून माप चुकणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. खोकं उचलून त्याने गाडीत ठेवून दिलं.

घरी बाबांनी नाकातली प्राणवायूची नळी सारखी केली आणि खोक्यावरचा आकडा वाचला.

"चौदा नव्हती का गं त्याच्याकडे?"

"होती की."

"मग?"

"तुमचा हात अठरावर बसलाय. बरे झाल्यावर उगाच माझ्या नावाने खडे फोडाल."

मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकांतली मरणं मी शेकड्यांनी वाचली आहेत, त्यांच्यावर लोकांशी बोललेही आहे. त्या दुपारी त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"उचलून तरी बघ," बाबा म्हणाले.

मी उचलली. छातीपर्यंत आणेस्तोवर मनगटं थरथरायला लागली. मी ती पुन्हा खोक्यात ठेवली. "ही तुमचीच कामं. तुम्ही बघा, बरे झालात की."

बाबांनी खोक्याचं झाकण मिटवलं. मग म्हणाले, "बरं केलंस. एखादा जाड ओंडका निघाला तर हीच लागेल."

अंगणातल्या ढिगात दहा इंचांवरचा एकही ओंडका नव्हता. तो ढीग त्यांनीच निवडून आणवला होता.

त्यानंतर अकरा दिवस चांगलं ऊन पडलं. रोज दुपारी जेवण झालं की बाबा माझ्या खांद्यावर हात टाकून अंगणात यायचे आणि खुर्चीत तासभर बसायचे. खुर्ची कुठे ठेवायची हे ते हाताने दाखवत, जरा इकडे, जरा तिकडे. मी पायरीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ते ऐकायचे, मध्येच म्हणायचे, "अजून काय?" मी पुढची बातमी वाचायचे. बाराव्या दिवशी ते पलंगावरून उठले नाहीत. पुढच्या आठवड्यात एका सकाळी, आई त्यांची उशी सारखी करत असताना, गेले.

नातेवाईक आले तसे परतले. शेजाऱ्यांनी कापून दिलेलं लाकूड तीन आठवडे पुरलं. मग एका दुपारी आई शेगडीपाशी रिकाम्या टोपलीत बघत म्हणाली, "ते खोकं परत देऊन ये. छोटी आण. तुझ्यासाठीच सांगितली होती."

"तुला माहीत होतं?"

"मला काय, त्या खुर्चीलासुद्धा माहीत होतं. तूच तेवढी राहिली होतीस."

आईने टोपली उगाचच कोपऱ्यात सरकवली.

"तुला शिकवायचं होतं त्यांना. करवत यायच्या आधीच अंगणात खुर्चीची जागा ठरवून ठेवली होती. इथे बसलो की करवतीचा धूर अंगावर येणार नाही, म्हणाले, आणि तिचे हात दिसतील. डाव्या हातावर लक्ष ठेवायचं असतं म्हणे."

"मग बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं त्यांना, पोरीला सरळ सांगा. तर म्हणाले, तिने अठरा आणली म्हणजे तिला अजून थोडे दिवस हवेत. घेऊ दे. ती आपणहून काढेल विषय." आईने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं, लहान मूल पुसतं तसं. "रोज येऊन बसायचे ना बाहेर. तुला वाटलं, उन्हाला बसतात?"

मी अकरा दिवसांचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. निवडणुका, हवामान, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन. आणि ते विचारत होते, अजून काय?

दुसऱ्या दिवशी मी खोकं घेऊन दुकानात गेले. करवतीच्या टाकीत पेट्रोलचा थेंबही गेला नव्हता. दुकानदाराने काही न विचारता ती आत नेली आणि चौदा इंची बाहेर आणली.

"धरून बघा. असं नाही. अंगठा मुठीच्या खालून घ्या, नुसता वर ठेवायचा नाही. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा डावीकडे. आणि टोकाने कापायला जाऊ नका, उसळून अंगावर येते." मग ओशाळून म्हणाला, "मी काय सांगतोय. बाबांनी दाखवलंच असेल."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. सगळं सांगा."

त्याने सांगितलं. साखळी किती ताणायची, तेल कधी घालायचं, धार लावताना कानस कुठल्या कोनात फिरवायची. दोन ठिकाणी मी पुन्हा विचारलं. वीस मिनिटं लागली असतील.

शनिवारी सकाळी मी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवून अंगणात उभी राहिले. ओंडका लाकडी घोडीवर घेतला. दोरी तिसऱ्यांदा ओढल्यावर इंजिन सुरू झालं. पहिला काप वाकडा गेला, दुसराही. तिसऱ्याच्या वेळी मी दाबायचं सोडलं आणि करवत आपल्याच वजनाने खाली उतरत गेली, भुसा बुटांवर सांडला, तुकडा धप्पकन खाली पडला. हलकी होती. कोपरं अंगाशी राहत होती. मनगटं थरथरली नाहीत. बाबांचं माप बरोबर होतं.

दुपारपर्यंत माझा हात बसला. सगळं शिकायला एवढाच वेळ लागतो, एक सकाळ आणि अर्धी दुपार. आमच्याकडे अकरा दुपारी होत्या.

इंजिन बंद केलं तेव्हा आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"झालं पण? इतक्यात?" ती म्हणाली. मग तिचं तिलाच काय ते ऐकू आलं असावं. ती झपाझपा पायऱ्या उतरून आली आणि खाली पडलेले तुकडे टोपलीत भरायला लागली. मी वाकून तिच्या हातातून जड तुकडा घेऊ लागले.

"राहू दे," ती म्हणाली, मान वर न करता. "तू काप."