तिपाईला लागलेला बुक्का

मार्गशीर्षातल्या सप्ताहाचा पाचवा दिवस. चारठाण्याजवळच्या आमच्या गावात, कीर्तनाला अजून तासभर होता, तेव्हा शाळेच्या राजेश्री मॅडमनी देवळापुढं दुर्बीण मांडली. खाली तिपाई, वर दुर्बीण आणि मधे मोटार. दोन ताऱ्यांवर नेम धरून दिला की ही मोटार दुर्बिणीला आपणच ग्रहाच्या मागं मागं फिरवते. पण तिपाईला धक्का लागला की सगळं चुकतं, पहिल्यापासून लावावं लागतं.

"दिनकरराव, राखण तुमची," मॅडम म्हणाल्या. "कुणाचा पाय लागू देऊ नका."

तीस वर्षं कीर्तनात टाळ धरून उभा राहणारा माणूस मी, गाव माझं ऐकतं. मंडपाचा दोर आणून तिपाईभोवती घेर केला, बाहेर चुन्याची रेघ मारली आणि जो ओरडत सुटलो! सगळ्यात जास्त बानूबाईवर. तिची शेरडं-मेंढरं दोन दिवस आमच्या रानात बसली होती, सकाळी येलदरीकडं निघणार होती. काखेत करडू घेऊन ती रांगेत शेवटी उभी.

"बाई, करडू लांब धर! मशीन हाय ते, बाभळीचा पाला न्हाई."

"धरलंय की घट्ट, दादा. दर शनवारी तेल घालून हात दुखले माजे. एकदा त्या शनिदेवाचं तोंड तर बघू द्या."

तिचा नंबर आला आणि मॅडम मला म्हणाल्या, "राखणदारानं बघितलंच नाही की!" मी तिच्या आधी घुसलो.

डोळा लावला. काळ्याभोर अंधारात पिवळसर मणी, आणि त्यातून आरपार गेलेली सुई. ते शनीचं कडं. यंदा त्याची धार आपल्याकडं आहे म्हणून सुईसारखं दिसतं, असं मॅडमनी सांगितलं होतं. अंगावर काटा आला. महाराज कीर्तनाला उभे राहिले की वाकायचं, ही जन्माची सवय. मी वाकलो आणि तिपाईच्या पायावर डोकं टेकवलं. टेकवलं कसलं, आदळलंच.

मॅडम पाठमोऱ्या होत्या. वळून बघतात तर दुर्बिणीत नुसता अंधार. "धक्का कुणाचा लागला?"

"करडू शिरलं वाटतं आत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"घ्या! शनीला करडू आडवं गेलं!" गर्दीतला लिंबाजी ओरडला. सगळे हसले. बानूबाईनं काखेतल्या करडाकडं बघितलं, मग तिपाईकडं. ती रांगेतून बाजूला झाली. तेवढ्यात मृदंगावर थाप पडली. मॅडम म्हणाल्या, "आता कीर्तन झाल्यावर लावते."

त्या दिवशी महाराज गोड गायले म्हणतात. मला विचारू नका. दोनदा माझा टाळ चुकला. मृदंगी माझ्याकडं बघायलाय आणि मी खाली. बानूबाई खांबाला टेकून बसलेली, करडू मांडीवर झोपलेलं.

आरती झाली. मग आमच्यात सगळे सगळ्यांच्या पाया पडतात, लहानथोर बघत नाहीत. मी माणसांत लपत होतो. तरी बानूबाई आलीच. वाकली. तिची खरबरीत बोटं माझ्या पायाला लागली आणि मी विस्तव लागल्यागत पाय मागं घेतला.

"माऊली, खोटं बोललो मी. धक्का माजा हुता."

"ठावं हाय की. तिपाईला तुमच्या कपाळाचा बुक्का लागलाय."

"मग तवाच बोलला का न्हाईत तुमी?"

"तुमी टाळकरी, दादा. तुमच्याम्होरं माज्या करडाचं कोण ऐकतंय?"

कीर्तनात पुष्कळ ऐकलं मी. असं काळजात काही रुतलं नव्हतं. मंडप अजून भरलेला होता. तिथंच उभा राहून मॅडमना मोठ्यानं सांगितलं, "कसूर माजा हाय. करडू काखेतून हललंसुदिक न्हाई." कुणी हसलं नाही, लिंबाजीसुद्धा. हसला असता तर बरं झालं असतं.

मॅडमनी परत दोन ताऱ्यांवर नेम धरला. मी देवळातला पाट आणून चुन्याच्या रेघेबाहेर ठेवला. ज्याला पाया पडायचं त्यानं इथं पडावं, आत नाही. मग बानूबाईपुढं हात केले. "द्या ते करडू इकडं. मी धरतो."

ती आत गेली. लय वेळ बघत राहिली. बाहेर आली, पाटावर डोकं टेकलं आणि करडासाठी हात पुढं केले. ते माझ्या उपरण्याचं टोक चघळत होतं.

"सोडवा की ते."

"चघळू द्या," मी म्हणालो. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस मात्र अजून झालं नव्हतं.