चार अंशांची ऊब

या मित्रांनो, जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरका आणि चित्त माझ्याकडे द्या. आज मी तुम्हाला एका थंडीची कथा सांगणार आहे. त्या थंडीला वारा नाही, बर्फ नाही, आवाज नाही आणि दयाही नाही.

मी एक जुनी चंदेरी गोधडी आहे. माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे शिरायचे तर आधी डोक्याला टोपी, हातात मोजे, बुटांवर पिशव्या. धुळीचा एक कण सापडला तरी घरात चोर शिरल्यासारखी धावपळ होई. कांद्याच्या सालीहून पातळ असे वीस चकचकीत पापुद्रे आणि प्रत्येक दोहोंमध्ये बारीक जाळी, असे माझे शरीर. त्याच आठवड्यात, त्याच हातांनी, त्याच मापाची माझी जुळी बहीणही शिवली गेली. एकीने यानाबरोबर अंतराळात जायचे होते. दुसरीने, काही फाटलेतुटले तर हाताशी असावे म्हणून, मागे राहायचे होते. मागे राहिले ती मी.

ते हात शिवणविभागाच्या मुख्य बाईंचे. वरच्या मजल्यावर यानाचे तापमान सांभाळणारी इंजिनीअर ही त्यांची सख्खी भाची. ती मावशी म्हणे, म्हणून सगळी इमारतच मावशी म्हणू लागली. पाठीमागे मात्र नाव होते ‘ढिलीमावशी’. कारण दिवसभर त्यांचा एकच घोष.

“अगं, आवळू नकोस! हे काय पोत्याचं तोंड आहे? पापुद्रा पापुद्र्यावर दाबला गेला, की ऊब त्या वाटेनं पळालीच म्हणून समज. सासू-सुनेसारखं ठेव. एका घरात, पण जरा अंतरानं!”

पोरी खुदुखुदु हसत आणि गाठी सैल करत.

मित्रांनो, त्या अंतराला एवढे महत्त्व का? दूर अंतराळात हवाच नसते. यानाची उन्हातली बाजू तव्यासारखी तापते आणि त्याच क्षणी सावलीतली बाजू शून्याखाली शंभर-दीडशे अंश उतरते. सूर्य मागे पडत जातो तसा उन्हाचा आधारही सुटतो. मग चहूकडे उरतो तो शून्याखाली दोनशे सत्तर अंशांचा काळोख. तो झडप घालत नाही. नुसता बसून असतो, आणि ऊब आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत जाते. तिला घरात थांबवायचे, एवढेच आम्हा बहिणींचे काम.

माझ्या बहिणीला जागा मिळाली इंधनाच्या नळीवर. ते इंधन शून्याच्या वर दोन अंशांवरच गोठते. गोठताना आकसते, रिकामी जागा मागचे इंधन भरून काढते, आणि पुढे कधी वितळले तर फुगून नळी फोडते. गोठू दिले तर मरण, गोठल्यावर शेकले तरी मरण. म्हणून सारी भिस्त माझ्या बहिणीवर.

यानाचे फोटो काढायचे होते त्या दिवशी मोठे साहेब आले. बहिणीकडे पाहून त्यांनी नाक मुरडले.

“मावशी, हे काय गबाळं? कुणी घाईत उशीला अभ्रा चढवल्यासारखं. फोटो जगभर जाणार आहे.”

“ती गबाळीच बरी हो, साहेब.”

“दोन मिनिटांचा तर प्रश्न! तुमच्या हातची सफाई लोकांना दिसू द्या की.”

तीस वर्षे मावशींचे काम झाकणांखालीच गेले होते. कुणी एक फोटो काढला नव्हता. त्या विरघळल्या. एका कोपऱ्याची दोरी त्यांनी ओढली आणि गाठ मारली. माझी बहीण ढोलकीच्या कातड्यासारखी ताणली गेली. कशी चमकली म्हणून सांगू! टाळ्या पडल्या. मग साहेबांनी सगळ्यांना चहाला नेले. परत आल्यावर गाठ सोडू, असे मावशी मनाशी म्हणाल्या.

परत आल्या तेव्हा जोडारी लोकांनी वेळ वाचवायला म्हणून वरचे पत्र्याचे झाकण बसवून टाकले होते. ते काढायचे तर बेचाळीस स्क्रू, नवी तपासणी, आठवडाभराचा उशीर.

“काय मावशी, काही राहिलं का?” जोडाऱ्याने विचारले.

समोरच्या टेबलावरून मी पाहत होते. मावशींचे तोंड उघडले.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “काही नाही.”

यान गेले. मला पिशवीत घालून फडताळात टाकले. दोन वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. मावशी मात्र रोज त्या फडताळासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत.

एके दिवशी दुपारी भाची खाली आली. हातात कागद, चेहरा उतरलेला.

“मावशी, नळी थंड पडतेय. महिन्यापूर्वी एकोणीस होते. मग चौदा. आज नऊ. इतके दिवस हीटर भरून काढत होता, आता तो पूर्ण चालू आहे तरी!”

“साहेब काय म्हणतात?”

“म्हणतात, तापमापक खोटं बोलतोय. गुरुवारी नेहमीसारखं इंजिन पेटवायचं. आणि तो खोटा नसेल, तर माझा हिशेब चुकला, हीटर लहान निवडला. काहीही झालं तरी मान माझीच.” तिने डोळे पुसले. “ऊब जातेय कुठून, तेच सापडत नाही गं.”

मावशींच्या हातातली सुई थांबली.

“तापमापक खरं बोलतोय,” त्या म्हणाल्या. “खोटं मी बोलले.”

आणि त्यांनी सगळे सांगितले. भाचीने हातातला कागद टेबलावर ठेवला. “दोन वर्षं, मावशी? मी रोज तुझ्याशेजारी बसून डबा खात होते.”

साहेबांना शब्द नको होते, पुरावा हवा होता. तेव्हा मला फडताळातून काढले. एका लोखंडी कोठीत तशाच नळीवर मला गुंडाळले, आणि मावशींनी माझ्या कोपऱ्यावर तशीच गाठ मारली. दार बंद झाले. हवा ओढून घेतली गेली, भिंती गोठवल्या गेल्या. परमेश्वरा, ती वेळ वैऱ्यावरही येऊ नये! माझे पापुद्रे एकमेकांवर चिरडले होते आणि त्या एका कोपऱ्यातून ऊब मुकाट्याने निघून चालली होती. मी पसरून तिला अडवू शकत नव्हते. चौदा. नऊ. बाहेर भाचीचा कागद आणि माझे आकडे एकमेकांवर तंतोतंत बसले.

मध्येच नळी गोठली तर अनर्थ, म्हणून गुरुवार उजाडण्याआधी इंजिन पेटवण्याचा बेत रद्द झाला. पण एवढ्या लांबची गाठ सोडणार कोण? तिथे मावशींचा हात पोचत नव्हता. इंधन न जाळता, आतली चाके फिरवून यानाची ती कूस सूर्याकडे वळवली. कॅमेरे आणि बाकीची यंत्रे बंद करून त्यांची वीज हीटरला दिली. ज्यांसाठी यान पाठवले, ते डोळेच मिटावे लागले. तापमान सहा झाले, पाच झाले, आणि चारावर येऊन थबकले.

साहेबांनी स्वतःच्या चुकीचा कागदही मावशींच्या कबुलीच्या कागदाबरोबर वरिष्ठांकडे पाठवला, हे खरे. मावशींचे शिवणकाम मात्र सुटले. आता त्या गाठी तपासतात, आणि फोटोवाला आला की पाठ फिरवून यानासमोर उभ्या राहतात. मीही आता कामाची उरले नाही. माझा चिरडलेला कोपरा पुन्हा फुलला नाही.

रोज सकाळी मावशी भाचीला विचारतात, “किती?” बरेच दिवस उत्तर येई, “चार.” पण यान अजून दूरच चालले आहे, आणि ऊन दिवसेंदिवस क्षीण होत आहे. काल भाची म्हणाली, “साडेतीन.”

मित्रांनो, जे काम झाकणाखाली जाणार आहे, ते नीट करा, आणि चुकले तर झाकण लागण्याआधी बोला. आज अंथरुणावर पडाल तेव्हा देवाला हात जोडताना माझ्या बहिणीचेही नाव घ्या. तिकडे काळोखात, कोपऱ्याशी गाठ आवळलेली, ती अजून साडेतीन अंश धरून आहे.