पाणी उपसायचा डबा

किनाऱ्यावर दोन जुन्या होड्या विकायला होत्या. एक ताज्या निळ्या रंगात नटलेली, दुसरीचे पोपडे सुटलेले. जावई निळीवर भाळला. "मामा, हिला म्हणतात होडी!"

सासरा जन्मभर होड्या बांधणारा सुतार. जावयाची अक्कल त्याला लग्नातच कळली होती. त्याने दोन्ही होड्यांतले पाणी उपसायचे डबे तेवढे उचलून पाहिले. जुनाट दिसणारीच्या डब्यात कोळिष्टकं होती. निळीचा मात्र उपसून उपसून कागदासारखा पातळ झाला होता.

"रंग झकास दिलात," तो विकणाऱ्याला म्हणाला, "डबा तेवढा बदलायचा विसरलात."

"डब्याचं काय, मामा! नवा घेऊ," जावई हसला.

"दोन घ्या, जावईबापू. दोन्ही हातांनी उपसा. मासे काय, पाण्याबरोबर आपणहून आत येतील."